माझा टाळ थांबला नाही

सासवड. रात्रीचे साडेदहा.

यंदाच्या वारीत तुळस माझ्या डोक्यावर नाही. आळंदी सोडल्यापासून हेच मनात घोळतंय, म्हणून आज लिहून टाकते.

गुडघ्याचं कारण खरंच होतं. आमचे विणेकरी तात्या बोलले तेही गोडच बोलले. "माई, तुम्ही यंदा सामानाच्या ट्रकबरोबर पुढे चला. तळावर जाणतं माणूस लागतं." मी बरं म्हटलं. अकरा वर्षं डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालले, आता लोकांच्या वळकट्या मोजतेय.

आज दिवेघाट होता. पुण्याहून सासवड, सगळ्यात लांबचा टप्पा, आणि मी घाटात नव्हते. तंबूच्या खुंट्या ठोकताना सारखं वाटत होतं, आता दिंडी वळणावर आली असेल, आता पखवाज चढला असेल. पुढे पताका, मग टाळकरी, मधे वीणा, मागे बाया. त्या ओळीतली माझी जागा मला डोळे मिटून सांगता येते. तिथे आज तुळस घेऊन धाकटी होती.

समाजआरतीला कडेला उभी राहिले. चोपदारांनी दंड उंचावला, 'होऽऽ' झालं आणि एवढ्या दिंड्यांचे टाळ एकदम गप्प. ज्या दिंडीची तक्रार असते ती तेवढी टाळ वाजवत राहते, चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. आज कुणाचीच तक्रार नव्हती. माझ्या आत मात्र वाजत होता. माझी जागा गेली, माझी जागा गेली.

कीर्तनात श्रीखंड्याची गोष्ट किती वेळा ऐकली. देवाने श्रीखंड्या होऊन बारा वर्षं एकनाथांच्या घरी कावडीने पाणी भरलं. दर वेळी डोळे भरून यायचे. आज कळलं, ती गोष्ट मी नाथांच्या ओसरीवर बसून ऐकायचे. रांजणापाशी कधी गेलेच नाही.

आरतीनंतर अंधारात माणसं तंबूत यायला लागली. पाय सुजलेले, पातळं घोट्यापर्यंत चिखलात. नानी आल्या आणि दारातच बसल्या. "माझं गाठोडं?" एवढंच म्हणाल्या, पुढे बोलवेना. गाठोड्यात त्यांच्या गोळ्या होत्या. बॅटरी दुसऱ्या तंबूत गेलेली. पण सकाळी ट्रकवर चढवताना प्रत्येक गाठ माझ्याच हातांनी आवळलेली, नानींची सुतळीची, दुहेरी. चाचपडत गेले आणि चौथं का पाचवं गाठोडं हाताला लागलं. पाणी दिलं, गोळी दिली. नानी वाकल्या आणि माझ्या पायांना हात लावून "माउली" म्हणाल्या. वारीत सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात, त्यात नवीन काही नाही. पण मी तिथेच बसून राहिले.

तात्या सकाळी वीणा घेऊन उभे राहतात तेव्हा त्यांचं अंथरूण कोण गुंडाळतं, हे मी अकरा वर्षांत विचारलं नव्हतं. ट्रकवरच्या भाऊंशी तर मी यंदाच पहिल्यांदा दोन शब्द बोलले. ते आहेत म्हणून... असो.

आता खरं लिहायचं ते. माझी चुंबळ पिशवीत आहे. जुन्या लुगड्याची, माझ्याच हातची, डोक्याला नीट बसलेली. धाकटीने आळंदीत विचारलं होतं, "माई, चुंबळ आहे का जास्तीची?" मी "बघते" म्हटलं आणि बघितलं नाही. आज ती पदराची घडी करून घाट चढली. तळावर आली तेव्हा मान एका अंगाला धरून चालत होती. माझ्याकडे बघून हसली. तुळशीचं एक पानसुद्धा कोमेजलेलं नव्हतं. वाटेत कुठून पाणी घालत आली देव जाणे. मी तरी याहून निराळं काय केलं असतं?

मघाशी चुंबळ घेऊन गेले. ती गाढ झोपली होती, हात अजून डोक्याशी. उठवलं नाही. वृंदावनाजवळ ठेवून आले.

उद्या मुक्काम इथेच, परवा जेजुरी. तंबूच्या दोऱ्या पावसाने भिजून आवळल्यात, सोडायला वेळ लागेल. भाऊंना सांगून ठेवलंय, परवा मला तीनलाच हाक मारा.