आंबिल ओढा नक्की कुठून येतो?

पुण्यात दांडेकर पुलावरून रोज जाताना खाली जो काळा नाला दिसतो ना, तो खरं तर आंबिल ओढा, आणि त्याचं पाणी येतं पार कात्रजच्या डोंगरातून. मधे गूगल मॅपवर टेरेन व्ह्यू लावून बसलो तर वेडच लागलं! कात्रज घाटाच्या माथ्यावर पडलेला थेंब पुण्याकडे घरंगळला तर कात्रजचा तलाव, धनकवडी, पद्मावती, पर्वतीचा पायथा करत मुठा नदीत, आणि पलीकडे खेड शिवापूरला उतरला तर शिवगंगेतून गुंजवणी, मग नीरा. आणि गंमत म्हणजे शेवटी दोघं भीमेतच भेटतात, नीरा नरसिंहपूरला :)

पूर्वी हा ओढा पेठांमधून वाहायचा, नानासाहेब पेशव्यांनी त्याची वाट वळवली. सारसबागेतलं तळ्यातल्या गणपतीचं तळंही याच पाण्याचं होतं. म्हणजे वळवावळवी जुनीच, पण तेव्हा निदान पाण्याला दुसरी वाट तरी काढून दिली, आपण पात्रातच भिंती घातल्या. बरं, उतार म्हणाल तर चांगलाच आहे आणि वर सगळं सिमेंट, मुरणार कुठे पाणी? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काही तासांच्या पावसात सोसायट्यांमधून गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. आता पाऊस वाढला की मी आधी कात्रजकडचं आभाळ बघतो.