तुम्ही विचारलंत म्हणून: मॅडम, आपलं बोलणं रेकॉर्ड होतंय का?

ऑनलाइन भेटीत हा प्रश्न हमखास येतो. कुणी थेट विचारतं, कुणी बोलता बोलता आवाज एकदम खाली आणतं आणि मला कळतं की डोक्यात तेच चाललंय. मी रत्नागिरीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. गुहागर, राजापूर, देवगडकडची माणसं मला बहुतेक स्क्रीनवरच भेटतात. तर उत्तर असं: नाही, होत नाही. क्वचित करायचं झालंच, तर आधी विचारते, आणि तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला. ‘मग तुमच्या लक्षात कसं राहतं?’ लिहून ठेवते म्हणून. नोंद ठेवणं माझ्या कामाचाच भाग आहे, आणि मूलभूत वैद्यकीय नोंदी बघण्याचा अधिकार २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुम्हाला दिलेला आहे. नोंदीसाठी रेकॉर्डिंग असलंच पाहिजे, असा मात्र अनेकांचा समज असतो. तासाभराचं रेकॉर्डिंग ऐकायला तासच लागतो, आणि ऐकून झाल्यावरही यातलं उपचाराच्या कामाचं काय, हे ठरवणं शिल्लक राहतंच. ते ठरवलं की नोंद तयार होते. भेट संपल्या संपल्या, पुढचा माणूस यायच्या आत, मी ती लिहून टाकते.

त्यात काय असतं? तारीख, वेळ, व्हिडिओ की नुसता फोन, तुम्ही कुठून बोलत होतात, खोलीत आणखी कुणी होतं का. झोप, भूक, कामावर जाणं. जीव द्यायचे विचार येतात का, हे विचारल्यावर मिळालेलं उत्तर, शक्यतो तुमच्याच शब्दांत, मालवणीत असेल तर मालवणीत. आज काय केलं, पुढे काय ठरलं. काय नसतं, तेही सांगते. आमराईच्या वाटणीत कोणत्या काकांनी कुठे सही केली, शेजारची कोण कुणाबरोबर दिसली, यातलं काही तिथे जात नाही. ‘भाऊबंदकीचा ताण’ एवढं पुरतं. वाडीत सगळे सगळ्यांना ओळखतात. कागदावरचं एक नाव चार घरं हलवू शकतं. रेकॉर्डिंगला असा विवेक नसतो, त्यात काका आडनावासकट येतात. आणि जे अस्तित्वात आहे ते मागितलं जाऊ शकतं: कायद्याने गोपनीयता बंधनकारक केली आहे, डिजिटल स्वरूपातल्या माहितीलाही ती लागू आहे, पण उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय किंवा सक्षम प्राधिकरणाचा आदेश हा तिला अपवाद आहे.

मग रेकॉर्डिंग असतं कशाला? शिकण्यासाठी. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या सुमारास उपचारातले संवाद ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित केले. तबकडीची एक बाजू काही मिनिटांत भरायची. १९४२ मध्ये त्यांनी एका रुग्णाबरोबरची संपूर्ण संवादमालिका शब्दशः छापली, आणि बंद दाराआड काय चालतं ते विद्यार्थ्यांना पहिल्यांदा कळलं. आजही माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांचं काम तपासायचं असेल तर रेकॉर्डिंगला पर्याय नाही. स्वतः कुठे मध्येच तोंड घातलं, हे कुणी नोंदीत लिहीत नाही. अशा वेळी वेगळी लेखी संमती घेतो, फक्त आवाज घेतो, फाइल कुलूपबंद लॅपटॉपवर ठेवतो. फोनवर कधीच नाही, कारण फोन आपल्याला न विचारता बॅकअप घेतो. काम झालं की फाइल पुसायची आणि पुसल्याची तारीख नोंदीत टाकायची. जून ते सप्टेंबर यातलं बरंचसं आपोआपच रद्द होतं म्हणा. पत्र्यावर पाऊस कोसळत असला की रेकॉर्डिंगमध्ये पाऊसच ऐकू येतो.

खरी काळजी मला रेकॉर्डिंगची कमी आणि पडवीची जास्त वाटते. कोकणातल्या घरात माजघरातलं बोलणं पडवीत पोचतं, म्हणून पहिल्या भेटीत निम्मा वेळ जागा शोधण्यात जातो. कुणी मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात जाऊन बसतं, कुणी गाडीत काचा वर करून. इअरफोन हवाच. मध्येच कुणी आलं तर काय बोलायचं, तेही ठरवून ठेवतो: ‘पेटीचा भाव काय चाललाय?’ असं तुम्ही विचारलंत की मी आंब्यावर बोलायला लागते. लाइट किंवा रेंज गेली तर कोणी कोणाला फोन करायचा, जवळचा विश्वासाचा माणूस कोण, हे आधीच लिहून घेते. मी फोनवर सापडले नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यायचाच.

माझ्या बाजूची व्यवस्था साधी आहे. दर भेटीला नवी लिंक आणि वेटिंग रूम. एकच कायमची लिंक सगळ्यांना दिली, तर एसटीच्या सवयीने अर्धा तास आधी येणारा आमचा माणूस दुसऱ्याच्या रडण्यात येऊन बसेल. तुम्ही आत आलात की मीटिंगला कुलूप. झूमवर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणं फक्त आपल्या दोघांच्याच उपकरणांवर उलगडेल अशी सोय, चालू केलं की क्लाउड रेकॉर्डिंग, म्हणजे झूमच्या सर्व्हरवरचं, होऊच शकत नाही; ते एन्क्रिप्शन मी चालू ठेवते. हल्ली गावातून नोकरी करणाऱ्यांच्या ऑफिस अकाउंटबरोबर टिपणं घेणारा एखादा एआय सहायकही मीटिंगमध्ये शिरू पाहतो. त्याला बाहेरच ठेवते.

सगळ्यात अवघड मागणी मुंबईहून येते. फी भरणारा भाऊ सांगतो, ‘मॅडम, रेकॉर्डिंग पाठवा, ती काय बोलते ते कळू दे आम्हाला.’ त्याची काळजी खरी असते. त्याला सांगते की फी तुम्ही भरता, भेट तिची आहे. तिची तयारी असेल तर तिघं मिळून एकदा बोलू. काही जण रागावतात, काहींनी फी भरणंही थांबवलंय.

आणि तुम्हालाच रेकॉर्ड करायचं असेल तर? चोरून करू नका, सांगा. बहुतेकांना फक्त श्वासाचा व्यायाम पुन्हा ऐकायचा असतो. तो मी माझ्या आवाजात वेगळा पाठवते. त्याहून जास्त हवं असेल तर मी एवढंच विचारते, की तुमच्या फोनचं लॉक घरात किती जणांना माहीत आहे. उत्तर ऐकून पुढचं ठरवू.