आर्टिस्ट स्टेटमेंट कसं लिहिलं एकदाचं (माझा अनुभव)

एका रेसिडेन्सीचा (कलाकारांनी काही दिवस राहून काम करायची सोय) फॉर्म भरत होते, फोटो, बायोडेटा, कामांची यादी सगळं पटापट झालं आणि गाडी अडली ती आर्टिस्ट स्टेटमेंटवर. २०० शब्द फक्त. पण बायोडेटात तुम्ही कोण ते असतं, प्रपोजलमध्ये पुढे काय करणार ते, आणि स्टेटमेंटमध्ये हे काम असंच का ते, आणि हे "असंच का" कुणी कधी विचारलेलंच नसतं नं आपल्याला.

मी वुडकट करते, म्हणजे लाकडावर चित्र कोरून ते कागदावर छापते, मारबतीच्या मिरवणुकीतल्या बडग्यांचे. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, इकडे काळी आणि पिवळी मारबत (बाईच्या रूपातले मोठे पुतळे) निघते, सोबत बडगे, म्हणजे बांबू-कागद-कापडाचे मोठाले पुतळे, त्यांच्यावर महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी लोकांना ज्याचा ज्याचा वैताग आला त्याच्या पाट्या, आणि "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडत शेवटी सगळं जाळून टाकतात.

आधी नेटवर दुसऱ्यांची स्टेटमेंट्स वाचली. बहुतेक सगळी सारखीच, कुणी ओळखीचा शोध घेतंय, कुणी स्मृती आणि अवकाश यांच्याशी संवाद साधतंय. मग मीही लिहिलं, "माझं काम क्षणभंगुरतेचा वेध घेतं". हेच वाक्य फुटाळा तलावावरच्या सूर्यास्ताच्या वॉटरकलरखाली चिकटवून पाहिलं मनातल्या मनात, तर तिथंही फिट बसलं. उडवलं. ही टेस्ट तुम्हीही करून पाहा, वाक्य दुसऱ्या कुणाच्याही कामाखाली चालत असेल तर ते तुमचं नाही.

मग इतिहास भरला. १८८० च्या दशकापासूनची परंपरा, भोसले राजघराण्यातल्या बांकाबाईची गोष्ट, इतवारीतले रस्ते. वाचायला छान, पण ती मारबतीची माहिती झाली, माझ्या प्रिंटचा त्यात पत्ताच नाही. कॉलेजच्या एका सरांना दाखवलं, त्यांनी मार्जिनमध्ये एवढंच लिहिलं, "तू कुठे आहेस यात?" मी वैतागून म्हटलं, सर, चित्रकार गायतोंडे आपल्या नागपुरातच जन्मले १९२४ साली, त्यांनी तर बहुतेक चित्रांना नावंसुद्धा दिली नाहीत. सर म्हणे, आधी गायतोंडे हो, मग गप्प बस.

सुटलं ते मावशीमुळे. तिचा आर्टशी काही संबंध नाही, ती घरी आली होती आणि मी जमिनीवर बसून प्रिंट काढून राहिली होती. "काऊन वं, पतंगाच्या कागदावर काऊन छापून राहिली? चांगला कागद नाई मिळत का?" मी सांगत गेले, की अगं प्रेस नाही माझ्याकडे, एमडीएफवर (लाकडाच्या भुग्याच्या फळीवर) कोरायचं, रोलरने शाई लावायची आणि पाठीमागून चमच्याने घासायचं, जोर जास्त झाला की हा कागद फाटतो, आणि फाटलेलं मी फेकत नाही कारण बडगासुद्धा दुपारपर्यंत धड राहतच नाही, गर्दीत त्याचा हात निघतो, पाटी लोंबते, आणि तसाच नाचवतात त्याला. मावशी म्हणे, मग हेच लिही नं बावा.

तेच लिहिलं, मराठीतच आधी, बोलल्यासारखं, इंग्रजी नंतर केलं. सुरुवात अशी होती: "मी जुनी शुक्रवारीतल्या दुकानातून पतंगाचा कागद आणते आणि त्यावर बडगे छापते. घासताना कागद फाटतो. फाटलेली प्रिंट मी एडिशनमध्ये धरते." (एडिशन म्हणजे एकाच कोरलेल्या फळीवरून काढलेल्या प्रिंट्सचा संच.) पुढे पाट्यांबद्दल, की मी पाटीचा मजकूर कोरतच नाही, पाटी कोरी सोडते, बघणाऱ्याने आपला वैताग स्वतः भरावा म्हणून. अर्थ समजावणारं एक वाक्य मात्र मोठ्याने वाचताना जीभ अडखळली म्हणून काढलं. मोठ्याने वाचणं मस्ट आहे, डोळ्यांना खपतं ते कानाला खपत नाही.

एक गोष्ट माझ्या मते लोक उगाच करतात, "लहानपणापासून मला चित्रकलेची आवड होती". अरे सगळ्यांनाच होती, म्हणूनच तर फॉर्म भरून राहिले सगळे.

रेसिडेन्सी मिळाली नाही, कारण काही कळवलं नाही त्यांनी. पण तेच स्टेटमेंट दोन ओळी बदलून एका ग्रुप शोला वापरलं, तिथे लोक कोऱ्या पाटीसमोर थांबून एकमेकांना विचारत होते तू काय लिहिशील म्हणून. आता एका ठिकाणी ५० शब्दांत मागितलंय. मारबतीची ओळख एका वाक्यात आणलीये, कागद ठेवलाय, कोरी पाटी ठेवलीये, आणि चमचा काढू की नको यावर अडलीये.