तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या हॉटेलात गाणं गिऱ्हाईक का निवडतं?

म्हापशात आमचं छोटं हॉटेल आहे, सहा टेबलं, सकाळी पातळ भाजी-पाव नि बन, संध्याकाळी चहा-भजी. काउंटरवर दोरीला पेन बांधलेली एक वही असते, नवीन माणूस हमखास विचारतो, ही कसली? तर ती गाण्यांची. दरवेळी चहा गाळता गाळता अर्धवटच सांगते, आज नीट लिहिते.

बाबांच्या वेळी रेडिओ होता. झारखंडातल्या झुमरी तलैया गावाहून गाण्यांची फर्माईश पाठवणाऱ्यांची नावं सुरू झाली की लोक हातातला कप तसाच धरून ऐकायचे, कारण ते गाणं कुणीतरी मागितलेलं असायचं. मला तेच हवं होतं, म्हणून मी स्पीकरचं ब्लूटूथ सगळ्यांना मोकळं सोडलं आणि तिथेच चुकले. एका रविवारी एका ग्रुपने तासभर आपलीच गाणी लावली, तीही अर्धी अर्धी, आवाज चढवत, आणि रोज साडेचारला येणारे एक काका निम्मा चहा तसाच ठेवून, पैसे बशीखाली सरकवून निघून गेले. मला फार लागलं ते.

म्हणून वही. एका टेबलाला एक गाणं, ते पूर्ण वाजणार, शेजारच्या टेबलाशी बोलता येईल एवढ्याच आवाजात. पैसे घेत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत 1889 साली एका सलूनमध्ये नाणं टाकून गाणं ऐकायचं मशीन बसवलं होतं, तिथपर्यंत ठीक, पण आता तिकडे काही बारमध्ये ॲपवर जास्त पैसे भरले की तुमचं गाणं रांगेत पुढे जातं, हे मला अजिबात पटत नाही. गाण्यांचं लायसन्स लागतं ते मी काढते, तो खर्च माझा.

शुक्रवारी बाजाराच्या दिवशी खरी मजा. एक भाजीवाली मावशी वहीत लिहीत नाही, मला सांगते, "बाये, अभिषेकीबुवांचा अभंग लाव." तिच्यामागे कॉलेजच्या पोरांनी गोव्याच्या गायिका लॉर्नाचं कोंकणी गाणं लिहिलेलं. अभंग संपेपर्यंत ती बसून राहिली, एकाने विचारलं हे कोण गातात, मी म्हटलं आपल्या मंगेशीचे. मग लॉर्ना लागली तशी मावशी टोपली उचलता उचलता थांबली आणि गाणं संपल्यावरच गेली.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमधून आलेल्या एकाने, हातात डबा, वहीत फक्त "गाणं नको" लिहिलं. तीही फर्माईशच की. त्याचा नंबर आला तसा मी स्पीकर बंद केला, पुढचा नंबर पोरांचा होता, ती काही बोलली नाहीत, पंखा नि स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता. त्याने चहा संपवला, मग मी पुढचं लावलं.