शेवाळखाऊ

आमच्या हॉलमधल्या माशांच्या तीन फुटी टाकीला गेल्या श्रावणात दाढी आली. ॲनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांच्या कडा, लाकडाचा ओंडका, फिल्टरचं तोंड, जिथे म्हणून पाणी खेळतं तिथे काळपट केसांचे झुबके लोंबायला लागले. हिरवं शेवाळ बोटाने पुसलं तरी निघतं. हे म्हणजे पान फाटेल पण झुबका सुटायचा नाही, अशा जातीचं. आईने एक दिवस चष्मा पुसून, टाकीला नाक लावून पाहिलं आणि म्हणाली, "श्रावण पाळतायत वाटतं तुझे मासे."

श्रावण संपला, गणपती येऊन गेले, दाढी वाढतच राहिली. तेव्हा मी स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. (मासे आणायला चाललोय असं जिन्यात सांगायची सोय नाही. समोरच्या काकू लगेच, पापलेट कसं दिलं ते येताना सांग, म्हणतात.) दुकानदाराला फोटो दाखवला. त्याने एक क्षणही न घालवता वरच्या रांगेतल्या एका टाकीकडे बोट केलं. काचेवर चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने लिहिलेलं: सायमीज अल्गी इटर, १५०. "ही काळी दाढी खाणारा दुनियेत हा एकच, साहेब. बाकीचे काचेला चिकटणारे सकर मासे तिच्याकडे बघणारसुद्धा नाहीत."

हे त्याचं वाक्य जवळजवळ खरं होतं, हे मला नंतर कळलं. खोटी होती ती फक्त चिकटपट्टी.

बोटाएवढा मासा. पाठीला करडा, पोटाला फिकट, अंगावरून एक गडद पट्टा. पट्टा जरा तुटक वाटला म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, पिशवीत घातला की घाबरतो, रंग उडतो, घरी गेल्यावर बघा. हेही खरंच आहे. घाबरलेल्या माशाचा रंग उतरतो. दुकानदाराची अडचण हीच की तो सगळं खरं सांगतो, पण दुसऱ्याच माशाबद्दल.

घरी आईने नाव विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे काय?" म्हटलं, शेवाळ खाणारा. "मग शेवाळखाऊ म्हण की सरळ." तेच नाव पडलं.

शेवाळखाऊने पहिला आठवडा खरोखर काम केलं. काचेला तोंड लावून तो वरपासून खालपर्यंत असा जायचा की मागे स्वच्छ पट्टा उमटायचा, गाडीच्या काचेवर वायपर फिरावा तसा. दाढीला मात्र त्याने तोंड लावलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याला सकाळच्या दाण्यांची चव कळली. तिसऱ्या आठवड्यात तो ओंडक्याखालच्या फटीचा मालक झाला आणि तिथे डोकावणाऱ्या प्रत्येकाला पिटाळायला लागला. आई दुपारी टाकीसमोरच्या खुर्चीत बसून वाती वळते. तिचा रोजचा अहवाल ठरलेला: "तुझा कामगार आजही बसूनच होता."

मग एंजलच्या अंगावर डाग दिसला. टाकीत एंजलची जोडी आहे, चपटी, ताटलीसारखी, दिमाखात एका जागी तरंगणारी. त्यातल्या मोठीच्या कुशीवर पाच पैशाच्या नाण्याएवढा धुरकट गोल. मला बुरशी वाटली. मीठ टाकलं, पाणी बदललं, दोन दिवसांनी दुसऱ्या बाजूला तसाच गोल. मुलगी आठवीत आहे. ती रात्री पाणी प्यायला उठली, मोबाइलचा उजेड टाकीवर पडला आणि तिने मला हलवून उठवलं. "बाबा, तो तिला चिकटलाय."

खरंच चिकटला होता. झोपलेल्या एंजलच्या अंगाला तोंड लावून, जळवेसारखा. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो, तो खरवडून खात होता. उजेड पडताच सुटला आणि समोरच्या काचेला येऊन डकला. पोट आमच्याकडे, तोंड काचेवर.

मी इतके दिवस त्याला वरून, बाजूने, येताजाता पाहिलं होतं. असं समोरून कधी बघितलंच नव्हतं. मुलीने पंचांग वाचायचं आजीचं भिंग आणलं आणि आम्ही दोघं रात्री अडीच वाजता काचेसमोर उकिडवे बसलो. तोंड म्हणजे मांसल ओठांची गोल वाटी, काचेला निर्वात लावल्यासारखी घट्ट. मिशी नाही, एकही. कल्ल्यांच्या झाकणांची मात्र नुसती फडफड चाललेली, टाइपरायटरवर कुणी भराभर बडवावं तशी. मुलीचा प्रश्न बिनतोड होता: "तोंड तर बंद आहे. मग हा पाणी आत घेतो कुठून?" इतर मासे पाणी तोंडाने घेतात आणि कल्ल्यांतून सोडतात. याचं तोंड कामात गुंतलेलं. भिंग सरकवत नेलं तेव्हा कल्ल्याच्या फटीच्या वरच्या टोकाला आणखी एक बारीकशी खाच दिसली. पाणी आत घ्यायची त्याची वेगळी खिडकी ती. वरच्या खिडकीने आत, खालच्या दाराने बाहेर, आणि तोंड चोवीस तास काचेला लावायला मोकळं.

ही खिडकी दिसली की प्रश्न मिटतो. अशी सोय असलेला, या बाजारात मिळणारा मासा एकच: गायरिनोकायलस एमोनिएरी. दुकानांतलं त्याचं नाव चायनीज अल्गी इटर. लहानपणी गुणी, मोठेपणी भांडकुदळ. पंचवीस सेंटीमीटरच्या पुढे वाढतो, वाढत जाईल तसं शेवाळ सोडतो आणि एंजल, डिस्कस, गोल्डफिशसारख्या संथ, रुंद अंगाच्या माशांना लागतो. खरा सायमीज काचेला असा डकूच शकत नाही, त्याच्या तोंडाला ती वाटीच नसते. तो थांबतो तेव्हा पुढच्या परांवर आणि शेपटीवर रेलून पानावर टेकतो, कट्ट्यावर हात टेकून बसावं तसा. त्याचा काळा पट्टा नाकाच्या शेंड्यापासून निघतो तो शेपटीच्या दुबेळक्यापर्यंत थेट जातो; कडा करवतीसारख्या दातेरी, पर पारदर्शक. आमच्या शेवाळखाऊचा पट्टा शेपटीच्या बुडाशी संपत होता आणि शेपटीवर नुसते ठिपके. हे सगळं काचेपलीकडे सहा आठवडे रोज दिसत होतं. मी चिकटपट्टी वाचली होती, मासा वाचला नव्हता.

त्या रात्री झोप गेलीच होती, म्हणून वाचत बसलो. या धंद्यात सरळ नावाचं कुणी नाही असं दिसतं. चायनीज म्हणतात तो मुख्यतः थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनामच्या नद्यांतला. तिकडचे लोक त्याला खातातही. (सकाळी हे सांगितल्यावर आईने त्याच्याकडे पहिल्यांदाच आपुलकीने पाहिलं.) त्याच्या शास्त्रीय नावातला एमोनिए हा खमेर शिलालेखांमागे कंबोडिया पालथा घालणारा फ्रेंच गृहस्थ, मासेवाला नव्हेच. खऱ्या सायमीजला ह्यू स्मिथ या अमेरिकन तज्ज्ञाने १९३१ साली 'सयामेन्सिस' म्हटलं. पुढे ते नाव मोडीत निघालं, कारण हा मासा १८२३ पासून 'ऑब्लाँगस' म्हणून नोंदलेला असल्याचं अभ्यासकांनी ठरवलं. सयाम हे थायलंडचं जुनं नावही गेलं. दुकानातली चिकटपट्टी तेवढी राहिली. सायमीज म्हणून तिसराही एक खपवतात: फ्लाइंग फॉक्स. काळ्या पट्ट्याच्या वर सोनेरी रेघ, परांना रंग, दिसायला देखणा, कामाला जेमतेम. आता फ्लाइंग फॉक्स म्हणजे मूळचं मोठं फळखाऊ वटवाघूळ. म्हणजे माशाला नाव वटवाघळाचं, वटवाघळाला कोल्ह्याचं, आणि तो विकला जातो सयामी म्हणून.

आणि ती काळी दाढी? तीही काळी नाही. मुलीने कुठेसं वाचलं आणि एक झुबका पानासकट कापून वाटीत घेतला, वर आजीच्या इन्सुलिनसाठी आणलेलं स्पिरिट ओतलं. सकाळी वाटीत लालसर केस. दिसायला काळं, कुळाने ते लाल शेवाळ. हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरला की खालचा लाल वर येतो. दुकानात काळी म्हणून ओळखली जाणारी लाल दाढी खायला मी सयामचा म्हणून भलताच मासा दीडशेला आणला होता. आईने विचारलं ते फक्त, स्पिरिट कुणी संपवलं.

खोट्या सायमीजमध्ये चौथाही एक असतो, गारा नावाच्या कुळातला. त्या कुळाची यादी बघता बघता मी एका नावावर थबकलो. गारा मुल्या. पुढे कंसात नाव देणारा आणि साल: साइक्स, १८३९.

मुल्या नव्हे हो, मल्या. माझं आजोळ भोरकडे, नीरेच्या काठाला. मे महिन्यात नदी आटून खडकांमधून वाहायची तेव्हा मामा धुण्याच्या दगडापलीकडे आम्हाला डुंबायला न्यायचा. पाण्यात पाय सोडून गप्प बसलं की थोड्या वेळाने बोटांना गुदगुल्या व्हायच्या. दगडांना चिकटून राहणारे, दगडाच्याच रंगाचे, बोटाएवढे मासे. पाय हलवला की गायब, धारेतल्या खडकाला जाऊन पुन्हा चिकटलेले. "मल्या आहे तो," मामा म्हणायचा, "दगड चाटून पोट भरतो." त्याच्या खालच्या ओठामागे चकतीसारखा एक भाग असतो, त्याने तो वाहत्या पाण्यात खडक धरून राहतो.

कर्नल विल्यम साइक्स मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची आकडेवारी जमवत फिरत होता. माणसं, पिकं, पाऊस मोजता मोजता त्याने मासेही जमवले. त्यातल्या कितीतरी माशांना त्याने आपल्या साहेबांची किंवा ग्रीक देवांची नावं दिली नाहीत. इथली माणसं म्हणत तेच लिहून घेतलं. शिंगटी ही शास्त्रातही सींगटीच राहिली. इंग्रजी कानाने ऐकल्यामुळे स्पेलिंगचं जे व्हायचं ते झालं, पण मामाने दाखवलेला मासा मला लंडनच्या १८३९ च्या नोंदीत मामाच्याच शब्दात सापडला. मल्या हे नाव त्याला कुणी काम सांगून दिलेलं नव्हतं. शेवाळ खातोस ना, मग खा बघू, असं नीरेत कुणी त्याला म्हटलं नाही.

रविवारी शेवाळखाऊला पकडलं. यात सकाळ गेली. दोन जाळ्या, ओंडका बाहेर, हॉलमध्ये तळं. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, एवढा कशाला त्रास, तलावपाळीला सोडून या, पुण्य लागेल. ठाण्यात तळ्यांना तोटा नाही, त्यामुळे हा सल्ला इथे फुकट मिळतो. पण टाकीतून असेच पुण्याईने सुटलेले दक्षिण अमेरिकेचे सकर देशभरच्या नद्यातळ्यांत माजलेत आणि कोळ्यांच्या जाळ्यांची त्यांच्या काट्यांनी चाळण होते. मी पिशवी घेऊन स्टेशनकडे निघालो.

दुकानदाराला पिशवी उजेडात धरून खिडकी दाखवली, ओठ दाखवले, मिशी नाही हे दाखवलं. त्याने मन लावून ऐकलं, मग म्हणाला, "साहेब, माल चेन्नईहून येतो, कोलकात्याहून येतो. खोक्यावर जे लिहिलेलं असतं ते मी पट्टीवर उतरवतो. गिऱ्हाईक सायमीज मागतं, चायनीज कुणी मागत नाही." मला राग धरता येईना. मीही सहा आठवडे वाचूनच चाललो होतो. त्याने कुरकुर न करता मासा परत घेतला, आणि माझ्यादेखत त्याच टाकीत सोडला. वर चिकटपट्टी होती तशीच. मी म्हटलं, अहो, पट्टी. तो म्हणाला, करतो, संध्याकाळी पोरगा आला की करतो.

मग मी स्वतः प्रत्येक टाकीसमोर भिंग घेऊन वाकलो. गिऱ्हाइकं बघत होती. कोपऱ्यातल्या एका टाकीत, ज्यावर नुसतंच 'मिक्स' लिहिलं होतं, एक पानावर टेकून बसलेला दिसला. पट्टा शेपटीच्या शेवटापर्यंत. कडा दातेरी. पर काचेसारखे. किंमत चाळीस.

हा खरा सायमीज येऊन आता चार महिने झाले. आधी त्याने दाढी खरंच खाल्ली, दोन पानं साफ केली. मग सकाळचे दाणे त्यालाही कळले. आता मी डबा उघडला की एंजलच्याही आधी तो वर असतो. पोट सुटलंय. दुपारचा अहवाल पूर्ववत सुरू आहे.

त्यामुळे दर रविवारी बाही वर करून मी कोपरापर्यंत टाकीत असतो, हातात जुना टूथब्रश. ओंडका घासतो, पाइप घासतो, फारच दाढी आलेलं पान कापून टाकतो. हात पाण्यात स्थिर ठेवला की थोड्या वेळाने सायमीज येतो आणि मनगटावरची लव चाखून बघतो. गुदगुल्या होतात. मी हात तसाच ठेवतो.

"शेवाळखाऊ," आई आतून हाक मारते, "चहा निवतोय."

मासा वर बघत नाही. मी म्हणतो, आलो.