थोरल्याची टोकं गेली

मागच्या रविवारी थोरला, म्हणजे तुरटीच्या द्रावणाच्या बरणीत दोऱ्याला टांगून वाढवत असलेला माझा सगळ्यात मोठा स्फटिक, 46 ग्रॅम भरला म्हणून इथे मिरवलं होतं. बुधवारी घरी येतो तर दोरा रिकामा आणि थोरला बरणीच्या तळाशी, छोट्या स्फटिकांच्या पिलावळीत आडवा. काढून, टिपून वजन केलं: 31. सहाही टोकं चघळलेल्या खडीसाखरेसारखी गोल, दोऱ्याचं भोक सैल झालेलं. दीड महिन्याची मेहनत!

पहिला संशय तुरटीवर. आदल्याच दिवशी नव्या पुडीच्या द्रावणाची भर घातली होती. पुडीवर ठसठशीत ‘पोटॅश अलम’, म्हणजे पोटॅशियमची तुरटी. वाटीत चिमूटभर पूड, आईच्या पानाच्या डब्यातला चुना, दोन थेंब पाणी, बोटाने मळलं आणि थेट एसटी स्टँडच्या मुतारीचा वास. अमोनिया! म्हणजे पुडीत अमोनियमची तुरटी. पोटॅशवाली असती तर चुन्याने वास सुटलाच नसता. दुकानदाराचं उत्तर: “तुरटी ती तुरटीच, साहेब.” पुढल्या वेळी दुकान बदलणार. किराण्यातली खड्याची तुरटी मला तरी अजून दगा देऊन गेलेली नाही, फक्त दोनदा गाळून घ्यावी लागते.

पण नुसत्या भेसळीने थोरला एवढा झिजेल हे पटेना. दोन्ही तुरट्यांची घडण एकच, एकीच्या स्फटिकावर दुसरी बिनतक्रार चढते. म्हणून माशांच्या टाकीचा थर्मामीटर बरणीत सोडून गुरुवारी दिवसभर घरी बसलो. सकाळी 26, दुपारी चारला 31. बरणी फ्रिजच्या डोक्यावर! जानेवारीत ती जागा उत्तम होती, आता उन्हाळ्यात कॉम्प्रेसर दुपारभर घरघरतो. तुरटीचा स्वभाव आपल्याला माहीतच आहे, 20 अंशांवरून 40 वर गेलं की दुपटीहून जास्त विरघळते. माझ्या दीड लिटरात या तापमानाला अंशामागे आठ-दहा ग्रॅमचा हिशोब. पाच अंश म्हणजे अख्खा थोरला गिळायची सोय. रात्री गार झालं की परत वाढ, पण घाईघाईची. आतला तो पांढुरका पडदा, ज्याबद्दल मी दोन वेळा रडलो होतो, तोही बहुधा याचाच.

आता बरणी मासेवाल्याकडून आणलेल्या थर्मोकोलच्या खोक्यात, गळ्यापर्यंत पाण्यात, पलंगाखाली. चार दिवसांत तापमान एका अंशाच्या आत. आणि थोरला? काल टॉर्च मारला तर गोल टोकांवर छोटे छोटे सपाट पैलू उगवलेत, कडा बोटाला लागतात. वजन 34. पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

तळाची पिलावळ तव्यावर टाकून लाही केली. आधी स्वतःच्याच पाण्यात वितळली, मग फसफसून फुगली. 50 ग्रॅमचे 28 उरले. सगळं पाणी गेलं असतं तर 27च्या आसपास हवे होते, म्हणजे मीच आच लवकर बंद केली.

ठरल्याप्रमाणे पुढे क्रोम अलमचा (क्रोमियमच्या तुरटीचा) जांभळा गाभा करून वर पांढरा थर चढवायचा होता. पण क्रोमचं द्रावण 50-60 अंशांपुढे तापलं की हिरवं पडतं आणि मग दिवसेंदिवस स्फटिक धरत नाही. या उन्हाळ्यात नकोच. त्यापेक्षा हे लिहिता लिहिता सुचलं: टाकणखार (बोरॅक्स). द्रावणाची आम्लता थोडी कमी झाली की तुरटी अष्टफलक (आठ पैलूंचा आकार) सोडून घनाकडे झुकते. चुन्याने वास काढला, आता टाकणखाराने आकार बदलू. दुसऱ्या बरणीत बी (सुरुवातीचा छोटा स्फटिक) सोडतोय, थोरल्याला हात लावणार नाही. कुणी केलं असेल तर लिटरला किती ग्रॅम घातलात ते सांगा, जास्त झालं की द्रावण गढूळ होतं एवढं मला आजच कळलंय.