एक सप्टेंबरचा मेळ

बँकेत बत्तीस वर्षं खाती जुळवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर म्हटलं, आता आकड्यांना रामराम. पण सवय कुठली जातेय! सध्या माझ्या टेबलावर दुसऱ्या महायुद्धातला जर्मन लढाऊ वैमानिक हान्स-योआखिम मार्सेई याचं खातं उघडं आहे.

तारीख १ सप्टेंबर १९४२. इजिप्तच्या वाळवंटात आलम हल्फाची लढाई पेटलेली. जेजी २७ या जर्मन लढाऊ विमानदलातल्या या बावीस वर्षांच्या पोराने तीन उड्डाणांत सतरा विमानं पाडल्याची नोंद आहे: सकाळी चार, अकराच्या सुमारास आठ, संध्याकाळी पाच. त्यातली मधली आठ तर दहा मिनिटांत!

ही झाली जमेची बाजू. नावेची बाजू, म्हणजे समोरच्यांनी गमावलेली विमानं, शोधायची ती ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि दक्षिण आफ्रिकन स्क्वाड्रनांच्या दैनंदिन नोंदवह्यांत. तिथे कारकुनाने कधी वेळ लिहिलीय, कधी नुसतं 'परतला नाही'. दोन्हीकडची घड्याळंही एका तासाने पुढेमागे. मी तो तास मिळवायच्या ऐवजी वजा केला आणि तीन आठवडे भलत्याच लढाईतली विमानं मार्सेईच्या नावावर टाकत बसलो. बँकेत असं केलं असतं तर मेमो मिळाला असता.

आणखी गोम म्हणजे धूर सोडत खाली गेलेलं विमान वाळूत पोटावर उतरायचं, दुरुस्त होऊन पुन्हा उडायचं. जर्मन वहीत ते 'पाडलं', ब्रिटिश वहीत 'दुरुस्तीयोग्य'. खोटं कुणीच बोललेलं नाही. आरएएफमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलात, एक विमान दोघांनी पाडलं तर अर्धं-अर्धं वाटून घेत. जर्मनांकडे हा वाटा नाही, एक विमान एकाच्याच नावावर.

अर्थात सगळेच प्रामाणिक नव्हते. त्याच ऑगस्टमध्ये जेजी २७ च्या एका तुकडीतल्या चौघांवर खोटे दावे रचल्याचा ठपका आला. म्हणून सगळेच खोटारडे म्हणायचं? मला पटत नाही. फुगवटा सगळीकडेच होता. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं, प्रत्यक्षात गेली होती साठेक.

"अहो, कोण कुठला तो जर्मन, तुम्हाला काय करायचंय?" बायको विचारते. तिला उत्तर देत नाही. संध्याकाळच्या पाचांपैकी दोन अजून पेन्सिलीतच आहेत. शाई लावायची हिंमत होत नाही.